लपवीची काडी

मास्तरांनी उभ्या जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. स्वतः शिकले तेही सातवीपर्यंत, आणि त्यातली पाचवी दोनदा. पण अंजिराचा विषय निघाला की ते अशा काही थाटात बोलत की ऐकणाऱ्याला पाटी-पेन्सिल घेऊन बसावंसं वाटे. म्हणून मास्तर. बायकोला त्यापायी फुकटात मास्तरीणबाई व्हावं लागलं. तिची तक्रार नव्हती. "पदवी यांची, पाणी ओढणं माझं," एवढंच ती म्हणे.

घरामागच्या तुकड्यात त्यांनी अंजिराच्या चाळीस जाती लावल्या होत्या. बाजारात खपणारी त्यांतली एकच. बाकीच्या एकोणचाळीस म्हणजे दुसऱ्यांच्या परसांतून, पडक्या कुंपणांतून, विहिरीच्या कपारींतून गोळा केलेली जुनी खोडं. कुणाची साल जाड, कुणाचं फळ सुपारीएवढं, एकाला तर सात वर्षांत सात फळं. पण मास्तरांची मान त्या चाळीस झाडांमुळे ताठ होती. त्यांच्याकडे एक वही होती. तीत चार रकाने: जात, कुणाच्या दारातून, कोणत्या महिन्यात, लागली की गेली.

जुन्या अंजिरांच्या मागे फिरणारी त्यांच्यासारखी आणखी पाच-सात खुळी माणसं होती. त्यांच्यात एक अलिखित कायदा होता. काडी विकायची नाही, विकत घ्यायची नाही. दारात जाऊन मागायची, तीही झाडाला जी पाणी घालते तिच्याकडे. तिनं दिली तर ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची. नाही दिली तर पाणी प्यायचं, झाडाची तारीफ करायची आणि परत फिरायचं. हा कायदा नवख्यांना समजावून सांगायचं काम अर्थातच मास्तरांचं.

त्या साली पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली. माणसांनाच पाणी पुरेना तिथं परसातल्या झाडाला कोण घालणार? जुनी अंजिरं एका उन्हाळ्यात पटापट गेली. दर आठवड्याला एखादी बातमी येई. आणि मास्तरांच्या वहीत एक ओळ दहा वर्षं रिकामी होती. लपवी. पिकली तरी हिरवीच राहते, म्हणून पाखरांना पत्ता लागत नाही. मान लवली की समजायचं, तयार आहे. म्हातारी माणसं तिच्याबद्दल बोलताना नुसत्या आठवणीनं ओठ चाटत.

"मास्तर, लपवी संपली म्हणा," दाताचे डॉक्टर फोनवर म्हणाले. तेही त्याच खुळातले. "मी चार गावं पालथी घातली. पेशंटचा आ करून आधी विचारतो, तुमच्याकडे अंजीर आहे का?"

"संपली कशी? मी आहे ना अजून," मास्तर म्हणाले.

आणि पंधरवड्यात त्यांना झाड सापडलं.

*

मशीनवाल्या बाई ओसरीत शिवणयंत्रावर बसून पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश शिवायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि टाचण्या न काढता बोलायची हातोटी. घरामागे धुण्याच्या दगडाला लागून अंजीर होतं. धुण्याचं, भांड्यांचं, अंघोळीचं पाणी झाडाच्या मुळाशी जात होतं, म्हणून ते जगलं होतं.

बाईंनी एक हिरवंगार फळ तोडून मास्तरांच्या हातावर ठेवलं. मास्तरांनी ते मधोमध उकललं. आत फिक्या मधासारखा गर. खाल्ल्यावर ते काही वेळ बोललेच नाहीत, आणि मास्तर बोलत नाहीत म्हणजे काय ते ओळखणाऱ्यानं ओळखावं.

"बाई, एक काडी द्या."

"नाही हो जमायचं."

"वीतभर. चार डोळ्यांची. झाडाला कळायचंही नाही."

"झाडाचं नाही, नणंदेचं म्हणते मी." बाईंनी ओठांतल्या टाचण्या पदराला खोचल्या. म्हणजे विषय गंभीर होता. "झाड सासूबाईंच्या हातचं. आमच्या वन्संनी तीनदा मागितली काडी. मी दिली नाही."

"का?"

"का म्हणजे? सासूबाई गेल्या तेव्हा भांडी नेली, पलंग नेला, भिंतीवरचं घड्याळ नेलं. म्हटलं, एक तरी वस्तू या घरात राहू दे जी हिच्याकडे नाही. हट्टच म्हणा. आता तिला नाही दिली ती तुम्हाला दिली, तर माझं तोंड कुठं राहील? रागावू नका. फळं खा पाहिजे तेवढी."

कायद्याप्रमाणे मास्तरांनी पाणी मागितलं. कायद्याप्रमाणे झाडाची तारीफ केली. तेवढ्यात पुढून कुणीतरी "पडदे झाले का?" म्हणून हाक मारली आणि बाई ओसरीत गेल्या.

मास्तर झाडापाशी एकटे उरले. खिशात कलमाचा चाकू होता. तो नेहमीच असे. पुढं बाई गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होत्या, पडदा चार बोटं आखूड झाला की खिडकीच लांब आहे यावर. मास्तरांनी दुबेळक्यातली करंगळीएवढी काडी पाहिली. हे झाड पुढल्या उन्हाळ्यापर्यंत टिकेल याची काय खात्री? बाई आजारी पडल्या तर? जात जगली पाहिजे, एका बाईचा हट्ट मोठा की जात मोठी? एवढे सगळे प्रश्न त्यांनी स्वतःला विचारले खरे, पण काडी कापून झाल्यावर.

पांढरा चीक भळाभळा आला. फडकं काढायला वेळ नव्हता. मास्तरांनी सदरा वर केला, काडी पोटाशी धरून विजारीच्या नाडीत खोचली आणि सदरा खाली ओढला. कापावर धुण्याच्या दगडाजवळचा चिखल बोटानं थापला. काप कधी उघडा ठेवू नये, त्यावर मोरचूद-चुन्याचा लेप द्यावा, नाहीतर किडा शिरतो, हे वाक्य त्यांनी आजवर किमान दोनशे माणसांना ऐकवलं होतं.

"निघालात? चहा?" बाई म्हणाल्या.

"नको. ऊन होतंय," मास्तर म्हणाले, आणि पोट सांभाळत स्कूटरवर बसले.

*

तिसऱ्या दिवशी पोटावर वीतभर लांब, लालभडक पट्टा उठला. पाचव्या दिवशी त्यावर फोड आले. अंजिराचा चीक घामात बसला की कातडी जळते, हे त्या घरात नवं नव्हतं. मास्तरांच्या हातांवर असे डाग पिढीजात असल्यासारखे होते.

मास्तरीणबाई खोबरेल लावायला बसल्या आणि त्यांचा हात थांबला.

"अहो, चीक हाताला लागतो. मानेला लागतो. वाकून काम केलं तर कपाळालाही लागतो. पोटाला कसा लागला?"

"लागला."

"सदऱ्याच्या आतून?"

मास्तर छताकडे बघत राहिले.

"न्हाणीमागे कुंडीत नवी काडी आहे. तिच्यावर मडकं पालथं घातलंय. आजवर आणलेली काडी तुम्ही ओसरीत मांडून ठेवत होता, नवी सून आणल्यासारखी. येणारा-जाणारा बघून जात होता." तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली. "कुणाच्या दारातून आणलीत?"

"तू तेल लाव."

"तुम्हीच लावा. आरसा आहे भिंतीला."

मास्तरांनी वही उघडली. 'लपवी' लिहिलेलंच होतं. 'कुणाच्या दारातून' या रकान्यावर पेन टेकवलं आणि तसंच उचललं. तिथं शाईचा एक ठिपका तेवढा राहिला.

फोड सुकले, पण डाग काळा पडून बसला. काडीच्याच लांबीचा. अंघोळीला बसले की तो समोर असे. मास्तर पोटावर पाणी न बघता ओतायला शिकले.

*

काडी लागली. महिन्यानं डोळा हलला, दोन महिन्यांनी पानं आली. मास्तरांना आनंद झाला, पण आनंद सांगायला कुणी नव्हतं. दाताच्या डॉक्टरांचा फोन आला की ते हवेवर, पावसावर बोलत.

सहाव्या महिन्यात मशीनवाल्या बाईंचा निरोप आला. झाड पिवळं पडलंय, बुंध्यातून भुसा गळतोय. मास्तरांनाच बोलवा, दुसऱ्या कुणाला काय कळतंय?

मास्तर गेले. बुंध्याशी लाकडाच्या भुशाचे ढीग होते, सुतारानं रंधा मारल्यासारखे. खोडकिडा. भोकं मोजली, अकरा. सगळ्यात मोठं भोक वर, दुबेळक्यात. एका जुन्या कापाच्या ऐन मध्यावर.

"बघितलात ना काप?" बाई मागे उभ्या होत्या. "माझं लक्ष उशिरा गेलं. कुणीतरी काडी नेलीय. कुणी ते मला ठाऊक आहे."

मास्तर भोकातला भुसा बोटानं उकरू लागले.

"तुम्ही येऊन गेलात त्याच आठवड्यात वन्सं आल्या होत्या. दुपारी मागं जाऊन बसल्या, आईच्या झाडाखाली बसते म्हणाल्या. मी म्हटलं बसू दे. बसल्या कसल्या? तीनदा मागून मिळाली नाही, चौथ्यांदा हात मारला. तेव्हापासून मी बोलत नाही. मुलीचं लग्न केलं त्यांनी, बोलावणं आलं होतं. नाही गेले."

बोलायची वेळ हीच होती. मास्तरांना ती स्पष्ट दिसली, फाटकातून बाहेर जाणारी गाय दिसावी तशी. आणि ते म्हणाले, "तार आहे का घरात? जाड. आणि थोडं रॉकेल."

पाच दिवस ते रोज आले. तार भोकात घालून किडे ओढून काढले. बोटाएवढे, पांढरे, मऊ. रॉकेलात बुडवलेले कापसाचे बोळे भोकांत ठासले, वरून चिखलानं बंद केलं. बुंध्याभोवतीची माती फोडली. दूरच्या हापशावरून दोन-दोन बादल्या आणल्या. खांदे भरून आले, तळहात सोलले. जितकं जास्त दुखे तितकं त्यांना बरं वाटे, पण तेवढ्यात बाई चहा घेऊन येत आणि ते बरं वाटणं संपे.

"स्वतःचं झाड असल्यासारखं करता तुम्ही. नाहीतर आजकाल कोण करतं?"

"बाई, असं नका म्हणू."

"का नको? खरं ते म्हणते. तुम्हाला मी काडी दिली नाही, तरी राग धरला नाहीत."

चौथ्या दिवशी तर त्यांनी टेपच काढली. "उभे राहा सरळ. एक सदरा शिवते तुमच्यासाठी. हा बघा, खांद्यावर विरलाय. नाही म्हणू नका, मला फुकट घ्यायची सवय नाही."

मास्तर उभे राहिले. छाती मोजली, खांदे मोजले. मग टेप पोटाभोवती आली, बरोबर त्या डागावर, मध्ये एक घामानं भिजलेलं कापड. मास्तरांनी पोट पाठीला लावलं.

"श्वास सोडा, मास्तर," बाई हसल्या. "पोट आत घेऊन माप देणारी गिऱ्हाईकं रोज बघते मी. मापात चोरी नको, मग सदरा घट्ट होतो."

*

पाचव्या दिवशी मास्तरांनी बुंध्यावर बोटानं ठोकलं. डब्यावर ठोकावं तसा आवाज आला.

"पोकळ झालंय. नाही राहायचं."

बाई धुण्याच्या दगडावर बसल्या. बराच वेळ त्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिल्या. मग एकदम उठल्या.

"मास्तर, स्कूटर आहे ना? मला वन्संकडे सोडा."

"आता?"

"चोरलेली असली तरी काडी सासूबाईंच्या झाडाचीच ना? त्यांच्याकडे लागली असेल. जाऊन मागते. नाक घासते म्हणा. तुम्ही चला बरोबर, फुटवा कसा काढायचा ते तुम्हाला कळतं."

रस्ता सात-आठ किलोमीटरचा. मास्तरांनी पहिल्या फाट्यावर सांगायचं ठरवलं, मग पुलावर, मग उतार लागला की. उतार लागला तेव्हा मागून बाई म्हणाल्या, "हळू घ्या हो," आणि त्यांनी हळू घेतली. सांगितलं काहीच नाही.

वन्संच्या घरी पिठाची गिरणी होती. वन्सं म्हणजे अंगानं भरलेल्या, भुवयांवर पीठ, आवाज गिरणीवर चढणारा. भावजयीला दारात बघून त्यांनी आत हात केला, गिरणी बंद झाली. एवढ्या आवाजानंतर आलेली ती शांतता कानाला बोचली.

"वहिनी? तू?"

"आत येत नाही. मागायला आलेय." बाईंची मान खाली होती. "आईंचं झाड गेलं. तुम्ही नेलीत त्या काडीचा मी राग सोडला. मीच द्यायला हवी होती. तुमच्या आईचं झाड, मी अडवणारी कोण? आता एक फुटवा मला द्या. पाया पडते हवं तर." आणि त्या खरंच वाकल्या.

वन्संनी त्यांना दंडाला धरून उभं केलं. "कुठली काडी?"

"आता कशाला वन्सं—"

"अगं कुठली काडी? मी झाडाखाली रडत बसले होते त्या दिवशी. आईची आठवण आली म्हणून. तू बोलेनाशी का झालीस तेही मला आजवर कळलं नव्हतं. लग्नाला आली नाहीस. लेक विचारत होती, मामी का नाही आली? आणि मी चोर?"

बाईंनी मास्तरांकडे बघितलं, मदतीसाठी. जाणकार माणूस, मध्ये पडेल म्हणून.

"मी नेली," मास्तर म्हणाले.

दोघी त्यांच्याकडे वळल्या, म्हणून त्यांना पुढं बोलावं लागलं. "पहिल्या दिवशीच. तुम्ही पडद्याचं बोलत होता तेव्हा. कापाला लेप दिला नाही. किडा तिथूनच शिरला. माझ्या न्हाणीमागे आहे. लागलीय."

बाईंचा चेहरा रागानं लाल झाला असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं. तो हळूहळू आवळत गेला, नाडी ओढावी तसा. त्यांनी एकदा मास्तरांच्या पोटाकडे पाहिलं, जिथं काल टेप होती.

"पाच दिवस," त्या म्हणाल्या. "पाच दिवस तुम्ही माझ्या हातचा चहा प्यायलात."

"बाई—"

"आणि मला इथवर आणलंत. मी वाकेपर्यंत थांबलात."

पीठ सगळीकडे होतं, उंबऱ्यावर, दाराच्या कडीवर. मास्तर कडीवरच्या पिठाकडे बघत राहिले. वन्संच आधी सावरल्या.

"किती पानं?"

"नऊ."

"वहिनी, यांना ते रोप तुझ्या दारी पोचवू दे."

"माझ्या दारी नको," बाई म्हणाल्या. "तुमच्या दारी. चोर म्हणून बोल तुम्हाला लागला. आणि मी तुमच्याबरोबर आत येते. यांच्या गाडीवर बसून परत जायचं नाही मला."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर कुंडी घेऊन निघाले. मास्तरीणबाईही चपला घालून तयार होत्या.

"तू कशाला?"

"कुंडी कोण धरणार? एका हातानं गाडी चालवता येत नाही तुम्हाला." गाडीवर बसल्यावर मागून त्या म्हणाल्या, "आणि घरी बसून वाट बघणं मला आज जमायचं नाही."

गिरणीच्या बाजूला वन्संनी जागा दाखवली. दळण घेऊन आलेली आठ-दहा माणसं डबे, पिशव्या घेऊन बसली होती. मास्तरांना बघून ती उठून जवळ आली. मास्तर कोण हे भागात सगळ्यांना माहीत होतं. मास्तर खड्डा खणू लागले. जमीन लोखंडासारखी होती; प्रत्येक घावाला कुदळ उडत होती. बाई वन्संच्या शेजारी, भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"कोणती जात म्हणायची ही?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"लपवी."

"अरे! ती तर संपली म्हणत होते. तुम्ही कुठून मिळवलीत?"

मास्तरांनी कुदळ ठेवली. घाम डोळ्यांत गेला होता. "चोरली," ते म्हणाले.

माणसं खळाळून हसली. "ऐका, ऐका! मास्तर म्हणतात चोरली!" म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला ढोसलं. "मोठी माणसं अशीच बोलतात बघ. दहा वर्षं वणवण केली ते नाही सांगायचे."

"खरंच चोरली. मागितली, नाही मिळाली, म्हणून चोरली. त्यापायी मूळ झाड मेलं."

"बास, मास्तर, बास!" हसता हसता एकीच्या डब्याचं झाकण पडलं. "चोरलीत तर चोरलीत, जात तर वाचवलीत!"

मास्तरांनी चौफेर बघितलं. प्रत्येक चेहरा हसरा, प्रेमळ. त्यांनी सदरा वर करून डाग दाखवला असता तरी ती माणसं त्यालाही हसली असती. मास्तरीणबाई खाली बघत कुंडीची माती सैल करत होत्या. वन्सं तोंड उघडणार होत्या, पण त्यांनी भावजयीकडे पाहून मिटलं. सांगायचं की नाही हे ठरवणं तिचं होतं.

बाई काही सांगायला पुढे आल्या नाहीत. हसल्याही नाहीत.

मास्तरांनी गुडघे टेकून रोप खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, दोन्ही हातांनी दाबली. नऊ पानं थरथरली. मग त्यांनी बादली उचलली.

"बेतानं घाला," भिंतीकडून बाईंचा आवाज आला, नवख्याला सांगतात तसा, कोरडा. "आणि बुंध्यावर ओतू नका. कुजतं."

"हो," मास्तर म्हणाले, आणि बादली खाली ठेवून ओंजळीनं घालू लागले.